ओमेगा सेंटॉरी (गोलाकार तारकागुच्छ)

नरतुरंग तारकासमूहातला गोलाकार तारकागुच्छ, आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा. अंतर साधारण १७,००० प्रकाशवर्षं, तारे अंदाजे १ कोटी. महाराष्ट्रातून एप्रिल-मेमध्ये रात्री दक्षिणेला खालच्या बाजूला दिसतो, शहराच्या लाइटपासून लांब गेलात तर नुसत्या डोळ्यांनीही धुरकट ठिपका कळतो. आधी याला ताराच समजायचे, पण १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून बघताना खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने हे काहीतरी वेगळं आहे अशी नोंद केली.

अशा गुच्छांबद्दल बरीच वर्षं एकच समजूत होती, की सगळे तारे एकाच ढगातून एकदमच जन्मले, फरक काय तो वस्तुमानाचा. जड तारे हायड्रोजन धडाधड संपवून कधीच गेले, आता १२ अब्ज वर्षांनी सूर्याच्या ०.८ पट वस्तुमानाच्या ताऱ्यांचा नंबर लागलाय, ते मुख्य क्रम (गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची रंग-तेजाच्या आलेखातली रांग) सोडतात, फुगून तांबडे राक्षसी होतात, मग गाभ्यात हेलियम जळायला लागतं आणि शेवटी उरतो श्वेत बटू, म्हणजे हळूहळू थंड होत जाणारा छोटा, घट्ट गाभा. रंग आणि तेजाचा आलेख काढला की मुख्य क्रम कुठे वळतो त्यावरून गुच्छाचं वय काढता येतं.

पण हबल अवकाश दुर्बिणीने इथले तारे नीट मोजले तर मुख्य क्रमाच्या चक्क दोन रांगा निघाल्या! त्यातही निळ्या रांगेत धातू (खगोलात हेलियमपेक्षा जड सगळी मूलद्रव्यं) जास्त सापडले, खरं तर धातू वाढले की तारा लालसर दिसायला हवा, म्हणजे उलटंच झालं. हे जुळायचं तर त्या ताऱ्यांत हेलियम ४०% च्या आसपास धरावं लागतं, नेहमीचं २५% धरून भागत नाही, कारण हेलियम जास्त असलं की तारा जास्त गरम आणि निळा दिसतो. म्हणजे आधीच्या पिढीने बाहेर टाकलेल्या मालातून पुढची पिढी झाली, पण तो माल नेमका कुठल्या ताऱ्यांचा यावर अजून भांडण चालू आहे. हा गुच्छ म्हणजे आकाशगंगेने गिळलेल्या बटू दीर्घिकेचा (छोट्या आकाशगंगेचा) गाभा असावा असं बरेच जण मानतात, आणि पिढ्यांची ही सरमिसळ बघता ते पटतं.

वयाला न शोभणारे निळे भटके तारेही इथे आहेत, जोडीदाराचा वायू ओढून किंवा टकरीत एकत्र होऊन पुन्हा तरुण झालेले. अतिनील प्रकाशात लाल ताऱ्यांची गर्दी मावळते आणि असे गरम तारे सुटे दिसतात, म्हणून भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीने (हिच्यात पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेचाही वाटा) हा गुच्छ तपासलाय. २०२४ मध्ये तर हबलच्या २० वर्षांच्या फोटोंतून गाभ्यातले ७ तारे भलतेच वेगात सापडले, त्यावरून तिथे किमान ८,२०० सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर असावं असा निष्कर्ष निघाला.