किंमत-पृष्ठ कायदा आणि मालकीचा अनुत्तरित प्रश्न

उद्योगपतींच्या हाती वृत्तपत्रे एकवटली तर लोकमताचे काय, ही चिंता वाहिन्यांच्या काळातली नाही. 1946 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया' ब्रिटिश मालकांकडून दालमियांकडे आला; 'हिंदुस्थान टाइम्स' बिर्लांकडे होताच. न्या. जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 मध्ये यावर हिशेबी उपाय सुचवला. अंकाची पाने किमतीच्या प्रमाणातच असावीत, म्हणजे जाहिरातींच्या जोरावर जाडजूड अंक स्वस्तात विकून बड्या पत्रांना लहान पत्रांचे वाचक पळवता येणार नाहीत. त्यातून 1956 चा किंमत-पृष्ठ कायदा आणि त्याखालील 1960 चा आदेश आला.

त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते कोणा उद्योगसमूहाचे पत्र नव्हे, तर नानासाहेब परुळेकरांनी 1932 मध्ये सुरू केलेले पुण्याचे 'सकाळ'. रविवार वगळता आठवड्याला 34 पाने देणाऱ्या या दैनिकाची किंमत 7 नये पैसे होती. आदेश पाळायचा तर ती 8 नये पैसे करावी लागणार होती, नाहीतर पाने 24 वर आणावी लागणार होती. किंमत वाढली की खप घटतो आणि खप घटवणे म्हणजे अभिव्यक्तीवरच घाला, हा युक्तिवाद न्यायालयाने 1961 मध्ये मान्य केला. मक्तेदारी रोखणे हा हेतू कितीही चांगला असला, तरी अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद 19(2) मध्ये दिलेल्या कारणांत तो बसत नाही, असा न्या. मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालाचा आशय होता. तर्क बिनतोड होता. मात्र त्याचा मोठा लाभ पुढे बड्या समूहांनाच झाला.

1972 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'ची मालक कंपनी 'बेनेट कोलमन' हिच्या खटल्यात सरकारच्या वृत्तपत्र-कागद धोरणातील दहा पानांची मर्यादाही रद्द झाली. वाचकाला भिन्न मते मिळण्याच्या हक्काचा विचार न्या. के. के. मॅथ्यू यांनी केला, पण तो अल्पमतात राहिला. वृत्तपत्रे अन्य उद्योगांपासून विलग करावीत ही दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाची 1982 ची शिफारसही कायद्यात उतरली नाही.

दरम्यान जाहिरातींवरचे अवलंबित्व वाढत गेले. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात उमेदवारांनी पैशांचे 'पॅकेज' देऊन बातम्या छापून आणल्याचे आणि प्रतिस्पर्धी दैनिकांत एकच मजकूर शब्दशः छापून आल्याचे उघड झाले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने वृत्तपत्रांची नावे घेऊन 71 पानी अहवाल दिला. कौन्सिलने 2010 मध्ये नावे गाळलेली संक्षिप्त आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये खुला झाला.