वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं का?

‘वाहत्या पाण्याला दोष नाही’ असं आपण लहानपणापासून ऐकतो आणि नदीत काहीही सोडताना मनाची समजूत घालतो. हे अर्धंच खरं आहे. पाण्यातले जिवाणू सेंद्रिय घाण खरोखर फस्त करतात, पण त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन खर्ची पडतो. तो असतो किती? २० अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम. पाणी तापलं की आणखी कमी. खळखळत्या प्रवाहात हवेतून तो पुन्हा मिसळतो, हे खरं. पण सांडपाणी त्याहून वेगाने आलं की मासे गुदमरतात. शिसं, पारा, प्लास्टिक तर जिवाणूंना संपवताच येत नाही. ते गाळात साचतं किंवा खालच्या गावाला पोचतं.

नुसत्या नितळपणावरही जाऊ नका. मुलांना घेऊन उथळ प्रवाहातला एखादा दगड उलटून बघा. खाली शेपटीला केसासारखे तीन धागे असलेल्या मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या चपट्या अळ्या सरसर पळाल्या, तर तिथे ऑक्सिजन बरा आहे. फक्त लालभडक अळ्या वळवळत असतील, तर नदीचा श्वास कोंडलाय. बघून झालं की दगड होता तसाच अलगद ठेवा.