बाळाचे ठोके कमी, मग टेस्ट आईची का?

सोलापुरात पूर्व भागात ओळखीच्या एका घरी सुनेला पाचवा महिना होता, सोनोग्राफीत बाळाचे ठोके ६० च्या आसपास निघाले (एरवी ११० ते १६० असतात) आणि डॉक्टरनी रक्त तपासायला सांगितलं ते सुनेचं. सासूबाई म्हणाल्या, पोरगी तर ठणठणीत आहे की ओ, हिला काय झालंय? प्रश्न बरोबरच होता, वैद्यकशास्त्रालाच याचं उत्तर मिळायला पाऊणशे वर्षं लागली.

आधी वायरिंग समजून घ्या. हृदयात वरच्या बाजूला सायनस नोड असतो, तिथनं ठोक्याचा करंट सुटतो आणि मधल्या एव्ही नोडमधून खाली जातो. हा मधला जोड गेला की मेन चालू असूनपण खालच्या मागाला करंट जात नाही, पॉवरलूमवाल्यांना लगेच कळेल, फक्त हृदयाचा खालचा भाग अगदी बंद पडत नाही, आपल्याच मंद गतीनं चालत राहतो, यालाच हार्ट ब्लॉक म्हणतात. एव्ही नोड जपानच्या सुनाओ तवारांनी १९०६ ला दाखवला. पण उरुग्वेच्या मोर्किओंनी १९०१ मध्येच एका घरातल्या भावंडांची नाडी कायम मंद असल्याचं लिहून ठेवलं होतं, म्हणजे जोड सापडायच्या आधीच बिघाड सापडलेला!

ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराची, गोष्ट वेगळीच चालली होती. १९२४ ला न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स यांनी हृदयाच्या झडपांवर होणाऱ्या गाठींचं वर्णन केलं, ते पुढं ल्युपसशी जोडलं गेलं आणि बरीच वर्षं लक्ष झडपांवर राहिलं, वायरिंगकडं कमी. १९२८ मध्ये एलवर्ड यांनी दोन भावंडांचा हार्ट ब्लॉक नोंदवला, त्यांच्या आईला लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी सुजण्याचा आजार होता. धागा हातात होता, पण कुणी ओढला नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या दोन टीमनी आईचा ल्युपस आणि बाळाचा ब्लॉक यांचा संबंध मांडला, आणि १९८३ ला गुन्हेगार सापडला, अँटी-रो अँटीबॉडी, म्हणजे आईच्या रक्तातलं स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार झालेलं प्रथिन, जे ल्युपसमध्ये आणि त्या अश्रूंच्या ग्रंथींच्या आजारातपण सापडतं.

ही अँटीबॉडी वारेतून बाळाकडं जाते, साधारण १८ ते २४ आठवड्यांत एव्ही नोडला सूज येते आणि तिथं व्रण राहतो. अशा बाळांना कधी पुरळ येतं ते आईच्या अँटीबॉडी संपल्या की सहा-आठ महिन्यांत जातं, पण पूर्ण ब्लॉक झाला की तो जात नाही, बऱ्याच मुलांना पेसमेकर लागतो. आईच्या स्वतःच्या नोडला मात्र सहसा धक्का लागत नाही. मोठ्यांच्या ल्युपसमध्ये ठोके वाढलेले जास्त दिसतात, पूर्ण ब्लॉक क्वचित.

घाबरायचं किती? अँटी-रो असलेल्या आयांमध्ये ब्लॉक १ ते २ टक्के बाळांनाच होतो, पण एका बाळाला झाला की पुढच्या वेळी धोका १६-१८ टक्क्यांवर जातो. २०२० च्या एका अभ्यासात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेतल्यावर तो ७.४ टक्के दिसला (हो, कोरोनात गाजलेली तीच गोळी, आणि गंमत बघा, वर्षानुवर्षं घेतली तर क्वचित तीच वायरिंग बिघडवते).

सुनेची टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टरनी विचारलं डोळे कोरडे पडतात का, तर म्हणाली हो, दोन वर्षं झाली, मला वाटलं सोलापूरचं ऊन आहे.