सलाइन: किती, कधी आणि कुठे थांबायचं

अर्धा लिटर नॉर्मल सलाइनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. चहाचा एक चमचाही त्याने धड भरत नाही. बाकी सगळं पाणी. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. त्यात जीवनसत्त्वांचं इंजेक्शन टाकून ते पिवळं केलं की आपल्याकडे त्याला ‘ताकदीचं सलाइन’ म्हणतात. लग्नाच्या धावपळीने थकवा आला, तापाने अंग गळून गेलं, एवढ्यावरही पेशंट ते स्वतःहून मागतो. ज्याला तोंडाने खाता-पिता येतं त्याला त्यातून जे मिळतं, ते दोन पेले लिंबू सरबतातूनही मिळालं असतं.

गल्लीतल्या दवाखान्यातलं हे सलाइन बहुतेक वेळा फक्त खिशाला लागतं. आयसीयूत मात्र हेच मीठपाणी लिटर-लिटरने जातं, आणि तिथे ते किती द्यायचं यावरून गेली पंचवीस वर्षं जगभरच्या डॉक्टरांमध्ये वाद चालू आहे. वाद अजून मिटलेला नाही, पण त्यातून जे कळलंय ते रुग्णालयाबाहेर फारसं पोचलेलं नाही.

शिरेतून मीठपाणी द्यायची कल्पना कॉलऱ्यातून आली. १८३१ च्या साथीत विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने कॉलऱ्याच्या रुग्णांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी व क्षार निघून गेलेत असं दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथ गावी थॉमस लाटा या डॉक्टरने मरणाच्या दारात पोचलेल्या एका म्हातारीच्या शिरेत सुमारे साडेतीन लिटर मीठपाणी सोडलं. खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागली, आवाज परतला. लाटा थोडी विश्रांती घ्यायला गेला, जुलाब पुन्हा सुरू झाले, आणि काही तासांत बाई दगावली. पाणी पुन्हा द्यायला हवं होतं हे त्याच्या लक्षात आलं, आणि पुढच्या रुग्णांपैकी काही त्याने वाचवलेही. पण साथ ओसरली, १८३३ मध्ये लाटा स्वतःच वारला आणि ही पद्धत बराच काळ मागे पडली. (ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारणारा म्हणून जास्त ओळखला गेला. डॉक्टरकीतून तारखात्यात गेलेला माणूस विरळाच.)

कॉलऱ्यात सलाइन जीव वाचवतं, यात शंका नाही. तिथे शरीरातलं पाणी खरोखर बाहेर गेलेलं असतं आणि जेवढं गेलं तेवढं परत भरायचं असतं. घोळ सुरू झाला तो हाच हिशेब दुसऱ्या आजाराला लावल्यावर.

तो आजार म्हणजे सेप्सिस. जंतुसंसर्गाला उत्तर देताना शरीराची प्रतिक्रिया इतकी बिघडते की तिचा मारा स्वतःच्याच अवयवांवर होतो. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, लघवी कमी होते. वरून पाहिलं तर चित्र कॉलऱ्यासारखंच दिसतं, म्हणून उपायही तोच: भरपूर सलाइन. २००१ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या इमॅन्युएल रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २६३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपत्कालीन विभागात आल्यापासून पहिल्या सहा तासांत ठरलेली उद्दिष्टं गाठत नेटाने उपचार केले, तेव्हा रुग्णालयातले मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर आले. या गटाला सहा तासांत सरासरी पाच लिटरच्या आसपास द्रव मिळाला होता. अभ्यासातला खरा धडा बहुधा ‘लवकर ओळखा, लवकर हात घाला’ हा होता. पण घाईच्या वेळी लक्षात राहतो तो आकडा, आणि तो होता पाच लिटर.

दहा वर्षांनी आफ्रिकेतून उलट बातमी आली. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या रुग्णालयांमध्ये कॅथरिन मेटलंड यांच्या पुढाकाराने ‘फीस्ट’ नावाची चाचणी झाली. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण बिघडल्याची लक्षणं असलेली ३,१४१ मुलं त्यात होती. निम्म्याहून जास्त मुलांना मलेरिया होता आणि बऱ्याच जणांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन भयंकर कमी होतं. जुलाब-उलट्यांनी सुकलेली मुलं यात घेतलेली नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं. काही मुलांना सलाइनचा बोलस, म्हणजे एकदम भरपूर द्रव, काहींना अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या द्रावणाचा बोलस, आणि काहींना बोलस न देता फक्त बेताचं रोजचं सलाइन. अपेक्षा अशी की बोलस मिळालेली मुलं जास्त वाचतील. देखरेख समितीने चाचणी मुदतीआधीच थांबवायला लावली, कारण ४८ तासांतले मृत्यू बोलसच्या दोन्ही गटांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते आणि बोलस न मिळालेल्या गटात ७.३ टक्के.

या चाचणीतली माझ्या मते सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या तासाभरात शॉकची, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडल्याची, लक्षणं ओसरली ती बोलस मिळालेल्या मुलांमध्येच जास्त. म्हणजे खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला आणि आईला मूल सुधारताना दिसत होतं. त्यानंतरच्या तासांत ती मुलं जास्त संख्येने गेली. डोळ्यांनी पाहिलेल्या अनुभवावर उपचार ठरवायचे असते, तर बोलसच जिंकला असता. मोठ्या संख्येने, चिठ्ठ्या टाकून गट पाडल्याशिवाय हा फरक कुणालाही कळला नसता.

पुढे २०१७ मध्ये झांबियातल्या लुसाकाचा अभ्यास आला. सेप्सिस आणि पडलेला रक्तदाब असलेल्या २१२ प्रौढ रुग्णांपैकी ज्यांना ठरावीक पद्धतीने लवकर आणि जास्त सलाइन दिलं, त्यांच्यात मृत्यू ४८ टक्के. नेहमीच्या पद्धतीच्या गटात ३३ टक्के. बहुतेकांना एचआयव्हीची लागण होती आणि पुरेशी व्हेंटिलेटरची सोय नव्हती. श्रीमंत देशांतल्या मोठ्या चाचण्यांत मात्र कमी द्रव आणि जास्त द्रव यांत मृत्यूचा फरक जवळपास शून्य निघाला: युरोपातल्या ‘क्लासिक’मध्ये ४२.३ विरुद्ध ४२.१ टक्के, अमेरिकेतल्या ‘क्लोव्हर्स’मध्ये १४ विरुद्ध १४.९. मला यातून असं वाटतं की जिथे फुप्फुसात पाणी झालं तर लगेच व्हेंटिलेटर मिळतो, तिथे जास्तीचं सलाइन निभावून नेता येतं. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी कुठलं चित्र जास्त जवळचं आहे ते ज्याने-त्याने पाहावं.

मुळात दिलेलं पाणी जातं कुठे? निरोगी माणसाच्या शिरेत सलाइन सोडलं तरी त्यातला जेमतेम पाव हिस्सा रक्तवाहिन्यांत टिकतो, बाकीचं ऊतींमध्ये पसरतं. रक्तवाहिन्यांना आतून साखर-प्रथिनांचं एक नाजूक अस्तर असतं. सेप्सिसमध्ये तेच झिजतं आणि गळती वाढते. मग पाणी फुप्फुसांत साचतं आणि ऑक्सिजन घेणं अवघड होतं, आतड्यांत साचतं आणि पोट फुगतं, मूत्रपिंड सुजतं आणि लघवी आणखी कमी होते. लघवी कमी म्हणून आणखी एक बाटली. हे चक्र आयसीयूतल्या डॉक्टरांना चांगलं ओळखीचं आहे.

म्हणून आता निवासी डॉक्टरांना शिकवताना सुरुवातच अशी होते की सलाइन हे औषध आहे: त्याला मात्रा आहे, मुदत आहे, दुष्परिणाम आहेत. सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर हा आकडा होता. साठ किलोच्या माणसाला १,८०० मिलिलिटर. २०२१ च्या आवृत्तीत तो राहिला, पण ठाम शिफारशीवरून सौम्य सूचनेवर उतरला. दुसरीकडे, रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअॅड्रिनॅलिन पूर्वीपेक्षा लवकर सुरू करण्याकडे कल आहे. मोठी शीर मिळेपर्यंत न थांबता हातातल्या साध्या शिरेतूनही.

या रुग्णाला आत्ता पाण्याचा उपयोग होईल का, हे पाहायचीही एक फुकटची युक्ती आहे. रुग्णाला आडवं करून खाटेच्या साहाय्याने दोन्ही पाय वर उचलायचे. पायांतलं सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येतं, आणि हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकतंय का हे मिनिटभरात मोजायचं, हल्ली बहुतेक वेळा सोनोग्राफीवर. नाही फेकलं, तर पाय खाली. काही बिघडलं नाही, कारण बाहेरून थेंबही घातलेला नाही.

दुसरी युक्ती तर त्याहून जुनी. बोटाचं टोक नखापाशी काचेच्या पट्टीने दहा सेकंद दाबायचं, सोडायचं आणि रंग परतायला किती वेळ लागतो ते पाहायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे रक्तप्रवाह पुरेसा नाही. चिलीच्या ग्लेन हर्नांडेझ यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ रुग्णांवर ही नखाची तपासणी पाहून केलेले उपचार आणि रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा पदार्थ) पाहून केलेले उपचार यांची तुलना झाली. २०१९ मध्ये निकाल आला: २८ दिवसांतले मृत्यू नखाच्या गटात ३४.९ टक्के, लॅक्टेटच्या गटात ४३.४. संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक थोडक्यासाठी उतरला नाही, तेव्हा नख श्रेष्ठ असं म्हणता येत नाही. पण दोन तासांनी पुन्हा रक्त काढून प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहण्यापेक्षा ते वाईट ठरलं नाही, हेही पुष्कळ झालं. खर्च शून्य, आणि शिकायला एक दुपार पुरे.

शिकवताना मागे पडतो तो भाग म्हणजे नकळत जाणारं पाणी. बेल्जियममधल्या एका मोठ्या आयसीयूच्या नोंदी तपासल्या तेव्हा रोजच्या एकूण द्रवातला शॉकसाठी मुद्दाम दिलेला वाटा सातएक टक्केच निघाला. जवळपास एक तृतीयांश पाणी गेलं होतं अँटिबायोटिक विरघळवायला, पंप चालू ठेवायला, शीर उघडी ठेवायला. डॉक्टर बोलसवर वाद घालत होते आणि त्याच्या कित्येक पट पाणी शंभर-शंभर मिलिलिटरने गुपचूप जात होतं. त्यामुळे आता राउंडला पाणी काढण्याचाही विचार होतो: रुग्ण सावरला की मिठाचं सलाइन बंद, औषधं कमीत कमी पाण्यात, आणि गरज पडली तर लघवी वाढवणारं इंजेक्शन.

आपल्याकडे पावसाळ्यानंतर हा सगळा हिशेब डेंग्यूत दिसतो. ताप उतरायला लागतो त्याच सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, रक्तवाहिन्या गळायला लागतात. गळती २४ ते ४८ तास चालते आणि त्या वेळात नीट मोजून दिलेलं सलाइन खरोखर प्राण वाचवतं. व्हिएतनाममध्ये शॉकमध्ये गेलेल्या ३८३ मुलांवरच्या चाचणीत साधं रिंगर लॅक्टेट (मिठाबरोबर इतर क्षारही असलेलं सलाइन) महागड्या द्रवांइतकंच उपयोगी पडलं, आणि सगळ्यांत मिळून मृत्यू झाला फक्त एक. पण गळती थांबली की बाहेर गेलेलं पाणी आपोआप रक्तात परततं. त्या वेळी बाटली तशीच चालू राहिली तर बऱ्या होत आलेल्या पेशंटला धाप लागते. प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून बसलेल्या नातेवाइकांनी त्या दिवशी सिस्टरना विचारायची गोष्ट वेगळी आहे: कालपासून पेशंटला एकूण पाणी किती गेलं, लघवी किती झाली, आणि सलाइन आता कमी करायचं का? हे सगळं खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर तासातासाला लिहिलेलं असतं.