कूलंटच्या तापमानाची नोंद: रेडिएटरच्या टोपणापासून ओबीडीपर्यंत

गाडीच्या स्टीअरिंगखाली असलेल्या सोळा पिनांच्या ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीची स्वतःची तपासणी) सॉकेटमध्ये आगपेटीएवढा ॲडॅप्टर बसवायचा आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, म्हणजे कूलंटचे, तापमान मोबाइलवर सेकंदागणिक नोंदवत जायचे, हे आज कोणत्याही गाडीमालकाला फारशा खर्चाविना जमते. हा आकडा कंपनीने मालकाच्या सोयीसाठी उपलब्ध करून दिला असावा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो आपल्यापर्यंत पोहोचला तो हवेच्या प्रदूषणाविरुद्ध केलेल्या कायद्यांमुळे. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा आणि ही नोंद दिसायला सारख्या वाटल्या, तरी त्यांचे उद्देश वेगळे आहेत. नोंदीचा अर्थ नीट लावायचा असेल, तर हा फरक कसा निर्माण झाला हे माहीत असायला हवे.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत अगदी सुरुवातीचा काळ सोडला, तर पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन रेडिएटरच्या वरच्या टाकीत चढे, थंड झालेले खाली उतरे आणि त्यावरच इंजिनाचे काम चाले. तापमान दाखवणारे साधन नसल्यामुळे पाणी उकळू लागल्याचे चालकाला वाफ दिसल्यावरच कळे. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेतील हॅरिसन बॉइस यांनी १९१० च्या दशकात रेडिएटरच्या टोपणावर बसणारा तापमापक आणला. बॉइस मोटोमीटर या नावाने तो घरोघरी माहीत झाला. त्याची नळी पाण्यात बुडलेली नसे, ती पाण्यावरच्या वाफेचे तापमान मोजत असे आणि चालकाला ते समोरच्या काचेतून, बोनेटच्या टोकाला दिसे. रात्री आणि पावसात ते वाचणे अवघड असले, तरी इंजिनाच्या आतली स्थिती गाडी चालवताना आकड्यावर आणता येते ही कल्पना त्याने रुजवली, आणि मला ते त्याचे मोठे श्रेय वाटते.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस हा तापमापक मागे पडला आणि काटा डॅशबोर्डवर आला. आरंभीच्या काट्यांमागे एक बारीक धातूची नळी असे. तिच्यातील द्रव इंजिनाजवळ तापला की वाढलेल्या दाबाने काटा सरके. पुढे विजेवर चालणारे मीटर आले आणि इंजिनात बसवलेल्या सेन्सरमध्ये थर्मिस्टर वापरला जाऊ लागला. तापमान वाढले की काही पदार्थांचा विद्युत रोध कमी होतो, हे मायकेल फॅरडे यांना १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना आढळले होते. या गुणधर्मावर आधारलेला, बाजारात विकता येईल असा थर्मिस्टर मात्र जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३० च्या सुमारास, सॅम्युअल रुबेन यांनी तयार केला. गाड्यांमध्ये सर्रास आढळणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना सुमारे ३२० ओहम आणि १०० अंशांना २०० ओहमपेक्षाही कमी असतो. आलेख सरळ रेषेत उतरत नाही. थंड बाजूला तो झपाट्याने खाली येतो आणि गरम बाजूला जवळपास सपाट होतो. त्यामुळे जोडणीच्या पिनेवर चढलेल्या गंजाने रोधात थोडीशी भर पडली, तरी गरम इंजिनाचे वाचन काही अंशांनी खाली येऊ शकते.

खरा बदल १९६७ मध्ये झाला. अमेरिकेतील धूरविषयक नियम कडक होत असताना फोक्सवॅगनने आपल्या १६०० गाडीत बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन पुरवठ्याची पद्धत बसवली. थंड इंजिनात पेट्रोलचे थेंब मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) थंड भिंतींना चिकटतात आणि त्यांची पुरेशी वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला जादा इंधन द्यावे लागते. कार्ब्युरेटरच्या काळात हे काम चोक ओढून केले जाई. आता किती जादा इंधन द्यायचे हे कंट्रोल युनिट इंजिनाच्या तापमानावरून ठरवू लागले. चालकाला सावध करण्यासाठी असलेली माहिती अशा रीतीने इंधनाचे प्रमाण ठरवणारी झाली. पुढे बरीच वर्षे अनेक गाड्यांमध्ये दोन वेगळे सेन्सर असत, एक मीटरसाठी आणि दुसरा या कंट्रोल युनिटसाठी, म्हणजे ईसीयूसाठी. काटा व्यवस्थित मध्यभागी असतानाही गाडी काळा धूर का सोडते, या कोड्याचे उत्तर बहुधा त्या दुसऱ्या सेन्सरमध्ये असे, आणि बदलला जाई तो पहिलाच.

१९८१ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने आपल्या अमेरिकी गाड्यांमध्ये संगणकीय नियंत्रण सर्वत्र नेले आणि कारखान्यातील तपासणीसाठी एक जोडणी ठेवली. तिच्यावरून माहिती सेकंदाला १६० बिट इतक्या संथ गतीने बाहेर पडे. हौशी मंडळींनी ती वाचून नोंदवण्याचे मार्ग शोधले, पण प्रत्येक कंपनीची भाषा निराळी होती. लॉस एंजेलिसच्या धुरक्याशी झगडणाऱ्या कॅलिफोर्निया राज्याने १९९१ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी असा नियम केला, आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना ओबीडी-२ ही समान पद्धत लागू झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी तशीच सक्ती २००१ मध्ये आली. या पद्धतीत कूलंटच्या तापमानाला ०५ हा क्रमांक आहे. त्याचे उत्तर एका बाइटचे, म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या असते. तिच्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात, म्हणून या पद्धतीत तापमान उणे ४० पासून २१५ पर्यंतच सांगता येते. सेन्सरची तार तुटली की अनेक गाड्यांच्या नोंदीत उणे ४० दिसते त्याचे कारण हेच. काही गाड्या मात्र अशा वेळी स्वतःच मानलेला पर्यायी आकडा पाठवतात. नोंदीत तापमान तासभर एका अंशानेही हलत नसेल, तर आधी त्याच शक्यतेचा विचार करावा.

या नियमांमध्ये कूलंटच्या तापमानाला किती महत्त्व आहे, हे एका व्याख्येवरून दिसते. इंजिन सुरू केल्यापासून कूलंट किमान २२ अंशांनी तापले आणि ७० अंशांच्या पुढे गेले, तरच इंजिन एकदा गरम झाले असे धरले जाते. दोष पुन्हा आढळला नाही, तर अशा ४० फेऱ्यांनंतर त्याचा कोड स्मृतीतून पुसला जातो. दोष नोंदवला जातो त्या क्षणाच्या परिस्थितीतही हे तापमान साठवले जाते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकल्यामुळे इंजिन वेळेत तापत नसेल, तर पी०१२८ हा स्वतंत्र कोड आहे.

आपल्याकडे या शेवटच्या मुद्द्याला विशेष अर्थ आहे. बोरघाट चढताना बोनेट उघडून थांबलेल्या, रेडिएटरमधून वाफ सोडणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना गाडी तापण्याची भीती समजावून सांगावी लागत नाही. त्याच भीतीपोटी थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची सवय अनेक गॅरेजांमध्ये रूढ झाली. कार्ब्युरेटरच्या गाडीत एकदा चोक आत ढकलला की कूलंटच्या तापमानावरून इंधन वाढवणारे दुसरे काही नसे, म्हणून हे बरेचसे खपून जाई. परंतु १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २००० नंतर इंधन इंजेक्शन सर्वत्र आले, आणि भारत स्टेज ४ या प्रदूषणविषयक नियमांबरोबर २०१० पासून ओबीडीचा पहिला व २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. आता थर्मोस्टॅट नसलेले इंजिन ईसीयूच्या दृष्टीने अर्धवट थंडच राहते, त्यामुळे हवा-पेट्रोलचे मिश्रण गरजेपेक्षा दाट होऊन मायलेज घटू शकते. जुन्या गाडीसाठी सोयीची ठरलेली ही सवय नव्या गाडीत चालू ठेवणे मला चुकीचे वाटते.

२००५ मध्ये कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सने आणलेल्या ईएलएम३२७ या चिपने ही भाषा सर्वांसाठी सोपी केली. तिला ०१०५ हा आदेश पाठवला की उदाहरणार्थ ४१ ०५ ७बी असे उत्तर येते. त्यातील ७बी ही संगणकाच्या हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीतल्या) पद्धतीतील संख्या म्हणजे १२३, आणि ४० वजा जाता ८३ अंश. तिच्या असंख्य स्वस्त नकला निघाल्या आणि नोंद ठेवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. त्याची गरजही दरम्यान वाढली होती, कारण अनेक आधुनिक गाड्यांचा काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, तर काही छोट्या गाड्यांत काटा जाऊन निळा आणि लाल दिवाच उरला आहे.

तापमान हळूहळू बदलते, त्यामुळे दर सेकंदाला एक वाचनही पुरेसे असते. सकाळी थंड इंजिनापासून घेतलेल्या नोंदीत रेषा आधी सलग चढते, थर्मोस्टॅट उघडू लागला की ८० ते ९० अंशांच्या आसपास मंदावते, आणि सिग्नलला थांबल्यावर वर जाऊन पंखा लागताच खाली येते. हमरस्त्यावर वेग घेतल्यावर ती ६५-७० पर्यंत घसरत असेल, तर थर्मोस्टॅट नीट बंद होत नसावा. घाटात ती चढत जाऊन पंखा चालू असूनही उतरत नसेल, तर रेडिएटर, पंप किंवा कूलंटची पातळी तपासायला हवी. मात्र कूलंट गळून सेन्सर उघडा पडला, तर तो सभोवतालच्या हवेचे आणि वाफेचे तापमान सांगतो, आणि इंजिनाचा धातू तापत असतानाही नोंदीतील रेषा खाली उतरू शकते. म्हणून चढावर तापमान एकाएकी घसरलेले दिसले, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, आणि ते पूर्ण निवल्यावरच टोपण उघडून पाहावे.