अभिलेखागारे आणि आदिवासी समाज (खानदेश)

अभिलेखागारातील कागदपत्रे, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे ज्या समाजाविषयी आहेत, त्या समाजाला त्यांच्या वर्णनात, वापरात आणि प्रतींवर हक्काचा वाटा देण्याची पद्धत. ऑस्ट्रेलियात १९९५ पासून व अमेरिकेत २००६ पासून यासाठी आचारसंहिता आहेत. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेचा ॲडलेड जाहीरनामा २०१९ चा. खानदेशात हा प्रश्न मुख्यतः भिल्ल, पावरा, मावची, कोकणा व तडवी समाजांशी निगडित आहे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली. तेव्हापासून भिल्लांविषयीचे दप्तर बहुतांशी बंदोबस्त, महसूल व जंगल यांच्या निमित्ताने तयार झाले. त्यात भिल्ल बोलत नाही, त्याच्याविषयी लिहिले जाते. १८५७-५८ च्या उठावातील भिल्ल नेता खाज्या नाईक याचे नाव काजरसिंग, काजीसिंग अशा रूपांतही आढळते. हा फरक बहुधा लेखनिकांच्या कानावर व रोमन लिप्यंतरावर अवलंबून असावा. लोकस्मृतीत ‘खाज्या’ हेच रूप टिकले असल्याने सूचीतील मुख्य नोंद त्याखाली करून इतर रूपे तिकडे वळवणे अधिक ग्राह्य वाटते. ‘लुटारू’ अशा अर्थाचे मूळ शब्द मात्र खोडू नयेत. ते कोणी, कोणत्या पदावरून लिहिले याची टीप शेजारी हवी.

भाषेच्या रकान्यातही अशीच गफलत होते. जॉर्ज ग्रीअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीने (१९०७) खानदेशी (अहिराणी) ही भाषा भिल्ली भाषांच्याच भागात घेतली. पुढील अभ्यासकांत याबाबत मतभेद आहेत. ध्वनिमुद्रणावर नुसते ‘भिली’ न लिहिता मावची, देहवाली, पावरी असे बोलणाऱ्याने सांगितलेले नाव नोंदवणे बरे. विधिगीते कोणी व केव्हा ऐकावीत, हेही गाणाऱ्यानेच ठरवावे.

वनहक्क कायद्याच्या (२००६) नियमांनुसार गॅझेटिअर, जनगणना, नकाशे हे दाव्याचे पुरावे ठरतात, आणि वडीलधाऱ्यांची लेखी घेतलेली निवेदनेही. त्यामुळे येथे जुन्या कागदाची नक्कल म्हणजे कसत्या जमिनीचा आधार असू शकते. अक्कलकुवा, धडगावकडच्या ग्रामसभेला ती मागणीनंतर वेळेत, मराठी गोषवाऱ्यासह व कागदावर मिळायला हवी.