बोअर आपल्या प्लॉटमधला, पण पाणी कुणाचं?

मार्च लागला की पुण्यात बावधन, वाघोली, उंड्री साइडच्या सोसायट्यांत एकच विषय, टँकर की नवीन बोअर. मग पाणाड्या येतो, तळहातावरचा नारळ उभा राहिला की पॉइंट फिक्स, आणि रिगवाला (बोअर पाडायच्या मशीनवाला) 400 फुटांपर्यंत खाली जातो. जागा आपली तर पाणीही आपलंच, असं सगळे धरून चालतात.

हे अगदी हवेतलं नाही बरं का. 1882 च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टनुसार, ठराविक प्रवाहातून न वाहणारं जमिनीखालचं पाणी मालकाला आपल्या हद्दीत काढून घेता येतं. पण खडकाला सातबारा कळत नाही ना!

पुण्याखाली बेसाल्ट आहे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात, मधला काळा पाषाण बऱ्याचदा कोरडाच. आता गंमत बघा, केसिंग पाइप, म्हणजे बोअरच्या आत बसवायचा आधाराचा पाइप, सहसा मुरूम संपेपर्यंतच घालतात, खाली भोक उघडंच, त्यामुळे वरच्या सांध्यातलं पाणी त्या भोकातून खाली पडत राहतं (नव्या बोअरला कान लावला तर कधीकधी आवाजही येतो) आणि शेजारच्या 40 फुटी जुन्या विहिरीचं पाणी न उपसताच उतरतं. चोरी म्हणावी तर कोणी काही चोरलेलंच नाही.

महाराष्ट्राने 1993 मध्येच भूजलाचा एक कायदा केला, त्यात सार्वजनिक पाणवठ्यापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी. मग आला 2009 चा कायदा, तो 2014 मध्ये लागू झाला. त्यात विहिरींची नोंदणी आहे, रिगवाल्यांचीही नोंदणी आहे, आणि 60 मीटर किंवा जास्त खोल म्हणजे 'खोल विहीर', तिच्यावर निर्बंध. 60 मीटर म्हणजे जेमतेम 200 फूट, वरचा 400 फुटी बोअर आठवा.

मला विचाराल तर नुसती खोली मोजून भागत नाही. एकाच वॉर्डात पाण्याचा सांधा कुठे 50 फुटांवर लागेल, कुठे 150 वर, त्यामुळे परवानगी थर बघून द्यायला हवी, आणि वरचा थर केसिंगने सील करायची अट हवीच. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्य ऑफिस पुण्यातच आहे, त्यामुळे माणसं शोधायला लांब जायला नको. तोवर सोसायटीने एवढं तरी करावं, कितव्या फुटाला कुठला खडक आणि किती पाणी लागलं हे रिगवाल्याकडून लिहून घ्यावं, आणि ते बिलाबरोबर फाइलला लावावं.